'पीअर रिव्ह्यू'ला मराठीत काय म्हणायचं?

तारली: नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीची, मत्स्यशास्त्र शिकते. आमच्या तारली माशावरच्या कामाचा पेपर जर्नलला (संशोधन छापणाऱ्या नियतकालिकाला) गेलाय आणि त्याच कामाचं मराठी टिपण इथल्या मच्छीमार सोसायटीला द्यायचंय. त्यात 'पीअर रिव्ह्यू चालू आहे' कसं लिहू? मोबाईलने 'समवयस्क पुनरावलोकन' दिलं, ते वाचून चेअरमनकाका म्हणाले, म्हणजे तुझ्याच वयाच्या पोरी तपासणार होय?

आगरवाट: काकांना बक्षीस द्या 😄 वयाचा संबंधच नाही, पीअर म्हणजे त्याच विषयात काम करणारा. पेपर आधी संपादक बघतो, विषय जर्नलचा नसेल किंवा काम कच्चं असेल तर तिथूनच परत, पुढे सरकला तर दोन-तीन जाणकारांकडे, आणि ते बहुतेक फुकटात वाचतात, स्वतःची नोकरी सांभाळून, म्हणून तर महिनोन्महिने लागतात. सरळ 'तज्ज्ञ-परीक्षण' लिही.

माडाखाली: परीक्षण नको हो. मी मास्तर, आमच्यात परीक्षण म्हटलं की मार्क आणि पास-नापास आलं. रिव्ह्यूअर शेरे लिहितो, शिफारस करतो, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती नाहीतर नकार. निर्णय संपादकाचाच. एकाने वाहवा केली नि दुसऱ्याने फाडला तर तिसऱ्याला विचारतात. 'समीक्षा' कसं वाटतं?

केळशीकरीण: अजिबात नको! समीक्षा नाटक लागल्यावर येते, हे पडदा उघडायच्या आधीचं. शिवाय समीक्षक नाव लावून लिहितो, इथे रिव्ह्यूअर कोण ते लेखकाला सहसा कळत नाही, आणि डबल ब्लाइंड असेल तर त्यालाही लेखकाचं नाव सांगत नाहीत. (अर्थात कोकणच्या तारलीवर काम करणारे असे कितीसे, ओळखतातच.)

मालवणी_खाजा: भावबंद म्हणा की मगे! मस्करी नाय करत. मोजणीला सर्व्हेयर आला की भाऊबंद बांधावर येऊन उभा राहतोच, इंचभर सोडत नाही, पण जुना गडगा कुठे होता ते ठाऊकही त्यालाच असतं. पीअरचंही तसंच, मासे कुठल्या बंदरावरून घेतले, जाळ्याची आस (भोकाचा आकार) केवढी, 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते तर तेवढ्या काळाचे आकडे कुठून आणले, हे बाहेरच्याला सुचणारच नाही.

आगरवाट: भाऊबंदाचा राग आईन्स्टाइनलाही आलेला. 1936 साली त्याने आणि नेथन रोझनने गुरुत्वीय लहरी नसतातच असा पेपर 'फिजिकल रिव्ह्यू'ला पाठवला, संपादकाने तो तज्ज्ञाला दाखवला, तर हा भडकला, छापायच्या आधी दुसऱ्याला दाखवायची परवानगी कोणी दिली म्हणून, आणि पेपर काढून घेतला. पण चूक खरंच होती. पुढे दुसऱ्या जर्नलमध्ये तो निष्कर्ष बदलून आला. त्या काळी संपादकाच्या भरवशावर छापणं सर्रास चालायचं, 'नेचर' या जर्नलने तर 1973 मध्ये कुठे पीअर रिव्ह्यू सक्तीचा केला.

माडाखाली: 'पुनरावलोकन' मात्र ऑफिसातच राहू दे. 'हस्तलिखित'ही टाळ, सोसायटीवाले वही मागतील.

तारली: मग असं लिहू? 'हा लेख छापण्याआधी याच विषयातल्या जाणकारांकडून तपासला जात आहे.' काकांना आवडलं, फक्त विचारतायत, तपासून झाला की सगळं खरं ठरलं ना?

केळशीकरीण: नाही गं. रिव्ह्यूअर काही जेटीवर येऊन तुझे मासे मोजत नाही. तू लिहिलेले आकडे धरूनच तो पद्धत बघतो, निष्कर्ष त्यातून निघतो का बघतो. कोणी आकडेच रचले असतील तर पुष्कळदा सुटतात, आणि मग छापलेले पेपर मागे घ्यायची वेळ येते. चांगल्या चांगल्या जर्नलांवर आलीय.

तारली: बरं, मग टिपणात खाली 'तज्ज्ञांनी खात्री केलेले' असं लिहिलंय ते खोडते.