मोनोनायट्रेटची दुसरी गोळी दुपारी ३ लाच का?

प्रश्न (उपकेंद्र, वर्धा जिल्हा)
हृदयाच्या पेशंटच्या चिठ्ठीवर आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट २० मिग्रॅ सकाळी ८ आणि दुपारी ३ असं लिहिलेलं असतं. दुपारी माणसं वावरात असतात, म्हणून सकाळ-रात्र घेतात. त्यानं काय बिघडतं? अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या आणि छातीदुखीच्या गोळीला असा नियम का नाही?

उत्तर १ (फार्मसिस्ट, यवतमाळ)
ताई, त्यानंच औषध बोथट होतं. धमनीचं आतलं अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. वाहतं रक्त त्याला घासलं की ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं. हा वायू शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो, तिथलं कॅल्शियम उतरतं, धमनी सैल होते. अमेरिकी शास्त्रज्ञ फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीवर हे दाखवलं: अस्तर शाबूत असताना अ‍ॅसिटिलकोलीननं ती सैलावली, अस्तर खरवडल्यावर त्याच औषधानं आवळली. साखर, रक्तदाब आणि खर्रा (तंबाखू-सुपारी) अस्तर असंच निकामी करत जातात. नायट्रेट अस्तराला वगळून तोच वायू थेट स्नायूत तयार करतं. पण दिवसरात्र रक्तात राहिलं तर एक-दोन दिवसांतच स्नायू त्याला दाद देईनासा होतो. दुपारी ३ च्या गोळीचा असर रात्री उतरतो, रात्री ८ ला घेतली तर उतरत नाही. अम्लोडिपिन स्नायूपेशीत कॅल्शियम शिरायची दारंच अडवतं, त्याला ही सवय लागत नाही.

उत्तर २ (वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय)
बरोबर. दुपारची जमतच नसेल तर डॉक्टरांकडून सकाळी एकदाच घ्यायची लांबणीची (हळूहळू विरघळणारी) गोळी लिहून घ्या, ती चावायची नाही.

छातीत कळ आल्यावर द्यायची जिभेखालची ५ मिग्रॅ सॉर्बिट्रेट (हेही नायट्रेटच) मात्र बाजेवर बसवूनच द्या. नायट्रेटनं आधी शिरा सैलावतात, रक्त पायांत साचतं. मे महिन्यात घाम गळून आलेला माणूस उभ्यानं गोळी घेईल तर घेरी येऊन पडेल. वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल तर देऊच नका. सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत (लिंगाच्या ताठरतेच्या गोळ्या) घेतलंय का, हे पुरुषांना बाजूला नेऊन विचारा. घरच्यांसमोर कोणी सांगत नाही. ५ मिनिटांत कळ ओसरली नाही तर थेट १०८.

प्रश्नकर्ती
मग रात्री नायट्रेट नसताना छातीत दुखलं तर?

उत्तर २
तो वेळ बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारं औषध) किंवा अम्लोडिपिननं सांभाळायचा असतो. पहाटे, बसल्याजागी कळ येत असेल तर धमनी आवळत असण्याची शंका घ्या. त्यात नुसता बीटा-ब्लॉकर त्रास वाढवू शकतो, तिथे डिल्टियाझेम (हेही कॅल्शियमची दारं अडवणारं) किंवा अम्लोडिपिन लागतं. असा पेशंट लगेच वरच्या रुग्णालयात पाठवा, गोळीची वेळ आपल्या मनानं हलवू नका.