प्रॉप १३ चं कौतुक पुरे झालं

सनीवेलकर:
कालच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलंय, "प्रॉप १३ नसतं तर कॅलिफोर्नियातला मध्यमवर्ग रस्त्यावर आला असता." तिथे मावेना म्हणून वेगळा धागा. प्रॉप १३ म्हणजे लोकांनी मतदानाने केलेला कायदा: १९७८ पासून घरपट्टी खरेदी किमतीच्या १ टक्का, मूल्यांकनाची वाढ वर्षाला फार तर २ टक्के. शेजारच्या आजोबांचं घर ऐंशीच्या दशकातलं. तेवढाच प्लॉट, तोच उखडलेला फुटपाथ, आणि मी त्यांच्या सहापट भरतो! वर शाळेकडे पैसा नाही, पोराबरोबर पेपर टॉवेल पाठवा म्हणून यादी. आजोबांचं राहू द्या, पण हीच सवलत ऑफिसं नि मॉलना कशाला?

फ्रेमाँटची मावशी:
नवरा गेल्यावर एकटीच्या पगारात घर राखलं ते याच कायद्यामुळे. बाजारभावाने पट्टी आली असती तर मुलीला घेऊन लांब ट्रेसी गावात भाड्याने राहिले असते. सरकारला पैसा कमी पडतो म्हणे! राज्याचा इन्कम टॅक्स १३.३ टक्क्यांपर्यंत नेलाय की.

सनीवेलकर:
तो शेअर बाजारावर नाचतो, मावशी. २०२२ ला शंभर अब्ज डॉलरच्या शिलकीच्या गप्पा, लगेच पुढे तूट.

आगाऊ बंड्या:
पैसा देऊन काय होतं ते बुलेट ट्रेनने दाखवलं. २००८ ला जवळपास १० अब्जांच्या रोख्यांना लोकांनी हो म्हटलं. २०२० पर्यंत एलए ते सॅन फ्रान्सिस्को धावणार होती. आता आधी आतल्या शेतीपट्ट्यात, मर्सेड ते बेकर्सफील्ड. जायचंय कुणाला तिथे?

फ्रेस्नोवाला:
आम्हाला! सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियाबाहेर माणसं राहत नाहीत का? जमिनी ताब्यात यायच्या आधीच कंत्राटं वाटली, घोळ तिथे झाला. अर्धवट खांब रोज आम्ही बघतो, थट्टा तुम्ही करता.

आगाऊ बंड्या:
खांबच बघा मग. गाडी नातवंडं बघतील.

फ्रेस्नोवाला:
हायवे ९९ वर शुक्रवारी संध्याकाळी गाडी चालवून दाखवा, मग बोला.

सनीवेलकर:
अहो, धागा घरपट्टीचा आहे!

फ्रेमाँटची मावशी:
मॉल-ऑफिसांची ही सवलत काढायला २०२० ला प्रॉप १५ मतदानाला आलं होतंच. पडलं. तुम्ही मत दिलं होतं का?

सनीवेलकर:
ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. पट्टी घेताना कुणी व्हिसा विचारत नाही.

फ्रेमाँटची मावशी:
बरं बाबा, लावा मॉलवाल्यांना हवी तेवढी. ते दुकानदारांच्या भाड्यात घालतील, आणि डोशाचं पीठ महागलं की तुम्हीच नवा धागा काढाल.

आगाऊ बंड्या:
आणि जमलेला पैसा खांबांना.