समीकरण संतुलित करताना खालचा आकडा का बदलायचा नाही?

काजूगर (वेंगुर्ला)
नमस्कार. मी काजूच्या कारखान्यात गर निवडायच्या कामाला आहे. लग्न ठरलं तशी नववीनंतर शाळा सुटली. यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतेय. मुलगी आठवीत आहे, रात्री जेवणं झाली की एकाच टेबलावर दोघींचा अभ्यास चालतो.

'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' या धड्यात अडलेय. लोह आणि ऑक्सिजन मिळून लोहाचं ऑक्साइड होतं. त्या ऑक्साइडच्या रेणूत लोहाचे २ अणू आणि ऑक्सिजनचे ३. डावीकडे ऑक्सिजन २च. म्हणून मी उजवीकडचा ३ खोडून २ केला. क्लासच्या सरांनी फुली मारली आणि "खालचे आकडे बदलायचे नाहीत" एवढंच म्हणाले. का नाहीत? नुसतं पाठ करून माझं पुढे सरकत नाही.

निवृत्त शिक्षक (राजापूर)
ताई, हे 'का' तुम्हाला तिथेच सांगायला हवं होतं.

खालचा आकडा, म्हणजे एका रेणूत कुठले अणू किती ते, ही पदार्थाची ओळख. पाण्याच्या रेणूत हायड्रोजन २, ऑक्सिजन १. त्या १ च्या जागी २ लिहिलेत तर ते पाणी उरत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, जखम धुवायचं औषध. तुम्ही ३ चा २ केलात तेव्हा लोहाचं ऑक्साइडच पुसून टाकलंत. आपल्या हातात फक्त पुढचा आकडा, म्हणजे सहगुणक: तो पदार्थ किती रेणू घ्यायचा ते.

आता तुमच्याच कामातलं घ्या. अख्ख्या गराच्या दोन पाकळ्या जोडलेल्या असतात. हवेतला ऑक्सिजन तसाच, दोन अणू जोडलेले, नेहमी अख्खा गर. ऑक्साइडच्या एका रेणूला ३ पाकळ्या लागतात, म्हणजे दीड गर. अर्धा गर हवेतून मिळत नाही. म्हणून ऑक्साइड २ रेणू करू. पाकळ्या लागल्या ६, म्हणजे अख्खे गर ३. लोहाचे अणू लागले ४. झालं: ४ लोह, ३ ऑक्सिजन, त्यातून २ लोह ऑक्साइड.

वजनाने पडताळून बघा, मी वर्गात हे करून घेतल्याशिवाय सोडत नसे. लोहाचा अणुभार ५६, चारांचे २२४. ऑक्सिजनच्या रेणूचा ३२, तिघांचे ९६. बेरीज ३२०. उजवीकडे ऑक्साइडचा १६०, दोनदा ३२०. काही हरवलं नाही, काही नव्याने आलं नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी १७८९ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडलं, तेही बंद भांड्यात तोलून पाहून. पडवीच्या पत्र्यावरच्या गंजात तर शिवाय पाणीही धरलेलं असतं, त्याचं समीकरण पुढे येईल.

होडीवाला (मालवण)
ताई, ह्या माका पण दहावीत कळूक नाय होता. सरांनी सांगितलंय त्यात एकच भर: सुरुवात ऑक्सिजनपासून करू नका. तो बहुतेक वेळा दोन-तीन ठिकाणी विखुरलेला असतो, एकीकडे जुळवला की दुसरीकडे बिघडतो. आधी कार्बन, मग हायड्रोजन, ऑक्सिजन सगळ्यात शेवटी.

आणि सगळीकडे आकडे घालायलाच हवेत असं नाही. आमच्याकडे शिंपल्या भाजून चुना करायचे. कॅल्शियम कार्बोनेटपासून कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड. मोजून बघा, आधीच जुळलेलं आहे.

सिलिंडरमधला ब्युटेन जाळून बघा, कागदावर. कार्बन ४, हायड्रोजन १०.

काजूगर (वेंगुर्ला)
सर, दादा, पाकळ्यांवरून एकदम कळलं. आज खळ्यात बसून मुलीलाही तसंच समजावलं.

ब्युटेन केला. १ ब्युटेन घेतला. कार्बन ४, म्हणून कार्बन डायऑक्साइड ४. हायड्रोजन १०, म्हणून पाणी ५. ऑक्सिजनच्या पाकळ्या ८ आणि ५, मिळून १३. पुन्हा अर्ध्या गरापाशी अडले, पण या वेळी घाबरले नाही, सगळं दुप्पट केलं. २ ब्युटेन आणि १३ ऑक्सिजन, त्यातून ८ कार्बन डायऑक्साइड आणि १० पाणी. दोनदा मोजलं.

ते पाणी बघून मी थांबले. सकाळी गार टोप गॅसवर ठेवला की बाहेरून बुडाला ओल धरते. इतकी वर्षं मला वाटायचं टोप नीट पुसला नाही. ती ओल यातलीच का?

निवृत्त शिक्षक (राजापूर)
यातलीच. टोप तापला की दिसेनाशी होते. समीकरण अगदी बरोबर आहे. आता प्रोपेन करा, कार्बन ३, हायड्रोजन ८. त्यात दुप्पट करावं लागतं का ते उद्या मला सांगा.