मदत हवी आहे: 'जिवॉन' हे कोरियन नाव मुलगा-मुलगी दोघांनाही चालेल का, आणि त्याचा नेमका अर्थ काय?

नमस्कार.

माझी धाकटी बहीण दक्षिण कोरियातील सुवॉन शहरात राहते. तिचे यजमान कोरियन आहेत आणि लवकरच त्यांच्या घरी बाळ येणार आहे. मुलगा की मुलगी हे आधी विचारायचे नाही असे दोघांनी ठरवले आहे. (गर्भलिंग सांगण्यावरचे तिथले उरलेसुरले बंधन घटना न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केले, त्यामुळे विचारले असते तर डॉक्टरांनी सांगितलेही असते.) म्हणूनच दोघांनाही शोभेल असे नाव हवे आहे, आणि सध्या सर्वांचा कल 'जिवॉन'कडे आहे. आमच्या आईला ते ऐकताक्षणी आवडले, कारण तिच्या कानाला ते 'जीवन'च वाटते.

अडचण अर्थाची आहे. बाळांच्या नावांची संकेतस्थळे पाहिली, तर एकीकडे 'बुद्धिमान आणि रूपवती' असा अर्थ दिला आहे, दुसरीकडे 'बाग' आणि तिसरीकडे 'आधार'. बहिणीच्या सासऱ्यांचे म्हणणे असे की, त्यांच्या घराण्यात या पिढीच्या नावांत 'वॉन' हे अक्षर यावे लागते आणि त्याचा अर्थ 'उगम' असाच असायला हवा. सासूबाईंना मात्र बाळाची जन्मवेळ नामकरणाच्या जाणकारांना कळवून, ते सांगतील ती अक्षरे घ्यायची आहेत. बहिणीला रोजच्या व्यवहारापुरती कोरियन उत्तम येते, परंतु चिनी अक्षरांची ओळख नसल्यामुळे या चर्चेत तिला बोलताच येत नाही, आणि स्वतःच्या बाळाच्या नावाबाबत तिने गप्प बसून राहावे हे मला पटत नाही.

या नावाचा खरा अर्थ कोणता मानावा? मुलगा झाल्यास हे नाव बायकी वाटेल का? ते आता जुने झाले आहे का? आणखी एक गोष्ट विचारायची आहे. ज्या केंद्रात बहीण कोरियन शिकायला जात असे, त्या बहुसांस्कृतिक कुटुंबांच्या मदत केंद्राच्या पाटीवरही 'जिवॉन' हा शब्द होता. नाव म्हणून तो विचित्र तर वाटणार नाही ना? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

ताई, सर्वप्रथम बहिणीला शुभेच्छा. मी बरीच वर्षे कोरियन शिकवत आहे आणि नावांचा हा प्रश्न प्रत्येक तुकडीत कोणी ना कोणी विचारतेच.

तुम्ही वाचलेले अर्थ परस्परविरोधी वाटले तरी त्यांतला एकही चुकीचा नाही. हांगुल लिपीत 'जिवॉन' लिहिले की केवळ उच्चार कळतो. अर्थ ठरतो तो त्या दोन उच्चारांमागे आईवडिलांनी निवडलेल्या चिनी अक्षरांवरून, ज्यांना तिथे 'हांजा' म्हणतात. नावांसाठी कोणती हांजा वापरता येतील याची यादी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिली आहे आणि तीत आज ९,००० हून अधिक अक्षरे आहेत. 'जि' या उच्चाराची बुद्धी, संकल्प, ज्ञान अशा अर्थांची अक्षरे मिळतात, तर 'वॉन'ची उगम, मूळ, बाग, रूपवती स्त्री अशी. यांतली कोणतीही दोन जुळवली तरी हाक मारताना नाव 'जिवॉन'च राहते. तेव्हा या नावाचा अर्थ शोधून सापडणार नाही, तो तुमच्या बहिणीला आणि मेहुण्यांना ठरवावा लागेल.

उदाहरणे पाहिली की हे अधिक स्पष्ट होते. अठराव्या शतकातील थोर विचारवंत पार्क जिवॉन (१७३७–१८०५) यांनी १७८० मध्ये चीनला जाऊन लिहिलेले प्रवासवर्णन कोरियन साहित्यात मानाचे मानले जाते. त्यांच्या नावातील 'वॉन' म्हणजे उगम, अगदी तुमच्या बहिणीच्या सासऱ्यांना हवा तोच. १९४२ साली जन्मलेले राजकारणी पार्क जिवॉन हे देशाच्या गुप्तचर संस्थेचे प्रमुख होते. त्यांचे नाव 'बुद्धी' आणि 'मूळ' या अक्षरांनी लिहितात. आपल्याकडे मालिकांमुळे घरोघरी पोहोचलेली अभिनेत्री किम जिवॉन हिच्या नावात तोच 'बुद्धी'वाचक 'जि' आहे, परंतु 'वॉन' रूपवती स्त्रीचा आहे, आणि अभिनेत्री हा जिवॉन ('हा' हे आडनाव) हिच्या नावात तो बागेचा आहे. गायकांमध्ये उन जिवॉन पुरुष आहे, आणि 'बॉबी' या नावाने गाणाऱ्या रॅपरचे खरे नावही किम जिवॉनच आहे.

आता बहिणीला चर्चेत भाग घेता यावा म्हणून एक खूण सांगतो. सगळी अक्षरे शिकण्याची गरज नाही, फक्त 'वॉन'च्या अक्षराची डावी बाजू पाहायला सांगा. तिथे एकाखाली एक तीन छोटे फटकारे दिसले, तर ते पाण्याचे चिन्ह आहे आणि अक्षर बहुधा 'उगम' या अर्थाचे आहे. त्या जागी 'स्त्री' हे चिन्ह असेल, तर ते मुलीसाठीच वापरायचे अक्षर आहे. हा जिवॉनच्या नावातल्या बागेच्या अक्षरात गवताचे चिन्ह डोक्यावर असते. म्हणजे ऐकताना हे नाव दोघांचे असले, तरी कागदावर ते एकाच बाजूचे होऊ शकते, आणि तुमच्या बहिणीने लक्ष ठेवायला हवे ते नेमके इथे.

सासऱ्यांचा आग्रह समजून घेण्यासारखा आहे. त्याला 'दोल्लिमजा' म्हणतात. घराण्याच्या वंशावळीत, म्हणजे 'जोकबो'मध्ये, प्रत्येक पिढीसाठी एक अक्षर ठरलेले असते आणि त्या पिढीतील भावंडे-चुलतभावंडे ते नावात घेतात. अनेक घराण्यांत ही अक्षरे लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी या पंचतत्त्वांच्या क्रमाने येतात. मेहुण्यांच्या पिढीच्या अक्षरात धातूचे चिन्ह आहे का, हे बहिणीने अवश्य पाहावे. असल्यास पुढच्या पिढीला पाण्याचे चिन्ह येणे ओघानेच आले. परंतु हा नियम पूर्वापार मुख्यतः मुलग्यांना लावला जात असे आणि मुलींना बहुधा त्यातून वगळले जाई. त्यामुळे मुलगी झाली तरी तिला हेच अक्षर द्यायचे का, हे सासऱ्यांना आत्ताच आदराने विचारून घ्यावे. माझे स्पष्ट मत असे की द्यावे. 'उगम' हे अक्षर मुलीच्या नावातही उत्तम शोभते, आणि घराण्याच्या पिढीचे अक्षर नातीला मिळणे ही आनंदाची गोष्ट आहे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. मी नोकरीनिमित्त तिथे राहिले आहे, म्हणून लोकप्रियतेबद्दल थोडे लिहिते.

तिथे नावावरून माणसाच्या वयाचा अंदाज बांधता येतो. यंगजा, सुनजा ही आजींच्या पिढीची नावे. पुढे 'जि'ने सुरू होणाऱ्या नावांची मोठी लाट आली, तीत जियंग, जिहे, जिउन, जिह्यन, जिवॉन अशी कितीतरी नावे होती. आताच्या बालवाडीत सओयन, सओजुन, हायुन अशा हाका ऐकू येतात. 'जिवॉन' हे नाव मुलींमध्ये अधिक आढळते, परंतु याच नावाचे मुलगेही इतके आहेत की कोणी वळून पाहत नाही. हे नाव ताज्या लाटेतले नाही, तरी ते आजींच्या नावांसारखे जुने वाटत नाही, आणि मला तर हा त्याचा गुणच वाटतो. एकाच वर्गात दोन किम जिवॉन आल्या, तर हजेरीत त्यांच्यापुढे इंग्रजी अक्षरे लावून 'किम जिवॉन ए' आणि 'किम जिवॉन बी' असे लिहितात, हे मात्र मनाची तयारी म्हणून सांगून ठेवते. २००८ पासून नवजात बालकांच्या नावांची आकडेवारी न्यायालयाच्या कुटुंबनोंदणीच्या संकेतस्थळावर मुलगे आणि मुली अशी वेगवेगळी पाहता येते. मेहुण्यांना ती उघडून पाहायला सांगा, म्हणजे अंदाजावर विसंबावे लागणार नाही.

केंद्राच्या पाटीवरील 'जिवॉन' म्हणजे साहाय्य. नोकरीसाठी अर्ज करणे यालाही 'जिवॉन' म्हणतात. उच्चार तोच असला तरी अक्षरे निराळी असतात, आणि कोरियन माणसाला वाक्यावरून नाव कोणते व शब्द कोणता हे सहज कळते. काळजी करू नये.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. बहिणीला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. मेहुण्यांच्या नावातील अक्षरात धातूचे चिन्ह खरोखरच आहे, आणि ते तिने स्वतः ओळखले. आता 'वॉन' उगमाचा घ्यायचा यावर एकमत होत आहे. सासूबाईंचा मान राहावा म्हणून 'जि'चे अक्षर जाणकारांनी सुचवावे, असा मार्ग तिने काढला आहे. हे व्यवहार्य आहे का? आणि नोंदणीपूर्वी एवढा वेळ मिळेल का?

प्रतिसाद १

पूर्णपणे व्यवहार्य आहे, आणि अनेक घरांत असेच होते. हे जाणकार जन्माचे वर्ष, महिना, दिवस आणि वेळ यांवरून 'साजू' मांडतात, त्यात कोणते तत्त्व कमी आहे ते पाहतात आणि अक्षरांच्या फटकाऱ्यांची संख्याही मोजतात. आपल्याकडे पत्रिकेवरून आद्याक्षर काढतात, त्याच्याशी सासूबाईंची श्रद्धा ताडून पाहिली, तर तुमच्या आईलाही ती परकी वाटणार नाही. बहिणीने त्यांना आधीच सांगून ठेवावे की 'वॉन' ठरलेला आहे आणि 'जि'साठी बुद्धी, संकल्प व ज्ञान या तिन्हींपैकी कोणतेही अक्षर चालेल, कारण ही तिन्ही मुलगा-मुलगी दोघांनाही लागू पडतात.

जन्मनोंदणी एका महिन्याच्या आत करावी लागते, उशीर झाल्यास दंड होऊ शकतो. अर्जात हांगुल आणि हांजा या दोन्हींसाठी जागा असते, परंतु हांजा भरणे सक्तीचे नाही. घरात एकमत झालेच नाही, तर केवळ हांगुलमध्येही नाव नोंदवता येते. इंग्रजी स्पेलिंग मात्र पासपोर्ट काढण्यापूर्वी पक्के करावे, कारण एकदा ठरलेले स्पेलिंग पुढे बदलणे कठीण जाते.

उच्चाराबद्दल तुमच्या आईंना एवढेच सांगा की 'जि' ऱ्हस्व आहे आणि 'वॉन'मधला स्वर 'अ' आणि 'ऑ' यांच्या मधला आहे. व्यंजनाने संपणाऱ्या नावाला लहान मुलांना हाक मारताना तिथे 'आ' जोडतात, त्यामुळे बाळाची कोरियन आजी 'जिवॉना' अशी हाक मारेल. आईंनी 'जिवना' म्हटले तरी बाळ नक्की वळून पाहील.