घामातलं क्लोराइड उतरलं, मग फुप्फुस कधी?

ताई, सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारावरचं (यात घाम फार खारट होतो आणि फुप्फुसात चिकट कफ साचतो) औषध सुरू झाल्यावर मुलाच्या घामातलं क्लोराइड, म्हणजे मिठाचा एक घटक, ९८ वरून ५२ वर आलं, पण स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी) तिथंच आहे, म्हणून औषध लागू पडलं नाही असं कृपा करून समजू नका. घामग्रंथीच्या नळीत मीठ परत शोषायला सीएफटीआर प्रथिन लागतं; या आजारात तेच बिघडलेलं असतं. आकडा उतरला म्हणजे औषध त्या प्रथिनापर्यंत पोचलंय. २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या आयव्हाकाफ्टर या अशाच औषधाच्या चाचण्यांत जी५५१डी हा जनुकातला दोष असलेल्यांचं क्लोराइड सरासरी जवळपास ५०नं उतरलं, फुप्फुसंही सुधारली. पण ही गटाची गोष्ट. एकेका रुग्णात घामावरून फुप्फुसाचा अंदाज नीट बांधता येत नाही, कारण फुप्फुसात जुना संसर्ग आणि झालेली इजा असते. वजन, खोकला, वारंवार होणारे संसर्ग हेही बघा.

आकडा उतरलाच नसता, तर मी आधी विचारलं असतं: गोळी स्निग्ध जेवणासोबत घेतो ना? रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. भाकरीवर तूप, सोबत आपली शेंगाचटणी, आणि पचनासाठी एन्झाइमची कॅप्सूल चालू असेल तर तीही.

एक काळजी मात्र घ्याच. ५२ म्हणजे अजूनही घामातून जादा मीठ जातंय. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत अशी मुलं पटकन गळून जातात, उलट्या होतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ-पाणी कमी करू नका.