'उंदीर पडले' आणि 'उंदीर मेले' : फरक काय?

माळवद : आमच्या अंबाजोगाईकडे जुन्या माणसांच्या बोलण्यात "त्या साली उंदरं पडली आन् गाव माळावर गेलं" असं वाक्य हमखास येतं. इथं 'पडणे' म्हणजे नुसतं मरणं, की आणखी काही? शहरात वाढलेल्या भाचीला सांगायचंय.

बालाघाट : भाऊ, फरक मोठा आहे. सापळ्यात, औषधानं किंवा मांजराच्या तोंडी उंदीर मरतो. पडतो तो आपला आपण. आढ्यावरून, कणगीमागून, दिवसाढवळ्या, माणसांदेखत, आणि एक पडला की पाठोपाठ दुसरा. म्हणून 'उंदीर पडले' ही बातमी असायची. ती कळली की लोक भांडीकुंडी उचलून शेतात झोपड्या टाकायचे. प्लेग हा शब्द न उच्चारताही अर्थ पोचायचा.

यामागचं शास्त्रही बघा. प्लेगचा जंतू मुळात रानातल्या उंदरांत आणि त्यांच्या पिसवांत फिरत असतो. तिथले काही उंदीर तो पचवतात. घरातल्या काळ्या उंदराला मात्र तो झेपत नाही. उंदीर मेला, अंग गार झालं, की पिसवा खाली उतरून दुसरं ऊबदार अंग शोधतात. दुसरा उंदीर मिळाला नाही तर माणूस. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं 1898 साली कराचीत हे पिसवांचं कोडं सोडवलं. नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणारे आजारी पडतात, बऱ्याच वेळापूर्वी मेलेल्याला लावणारे पडत नाहीत, हे त्यानं हेरलं होतं. पिसवेच्या पोटात जंतूंचा बोळा बसतो, रक्त आत जात नाही. उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला जंतू ओकते.

म्हणजे आधी उंदीर, मग माणूस हा क्रम त्या क्रियापदातच बसलाय.

केजचा मास्तर : बीड जिल्ह्यातलं मामला गाव विसरू नका. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. धास्तीनं कितीतरी गावांतले लोक घराबाहेर पत्र्याखाली राहायला लागले, आणि बळदात, कणगीत धान्य तसंच राहिलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मामल्यात पिसवांचा त्रास सुरू झाला, उंदीर पडले, मग माणसांना जांघेत-काखेत गाठी आल्या. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग निघाला नि सगळ्या देशाची नजर तिकडं गेली. आमचं मामलं तळटिपेत राहिलं! रिकामी घरं नि भरलेलं धान्य यामुळं उंदीर वाढले, अशी कारणमीमांसा तज्ज्ञांनी तेव्हाच मांडली होती. जमीन हादरली, माणसाची वस्ती हलली, उंदराची वाढली.

कोयता : मग सरळ उंदीर मारून टाकायचे की. एवढी काय चर्चा?

बालाघाट : दादा, तिथंच गोम आहे. साथ असताना आधी पिसवा मारायच्या, त्यासाठी बिळांत नि घरात कीटकनाशकाची भुकटी टाकायची, आणि उंदरांकडं नंतर वळायचं. उलटं केलं तर सगळ्या पिसवा यजमान, म्हणजे ज्याच्या अंगावर त्या जगतात तो उंदीर, सोडून तुमच्या पायावर. 'यजमान' हा पाठ्यपुस्तकी शब्द इथं वापरला खरा, पण मला तो आवडत नाही. यजमान पाहुण्याला बोलावतो तरी. 'पोशिंदा' बरा.

अजून एक. 2020 साली 'नेचर'मध्ये जवळपास 6800 ठिकाणच्या प्राण्यांच्या नोंदी तपासणारा अभ्यास आला. जिथं शेती आणि वस्ती वाढली तिथं माणसाला आजार देऊ शकणाऱ्या प्राण्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. त्यात उंदीर आणि वटवाघळं पुढं. रान मोडलं की नाजूक जाती आधी जातात, काहीही खाऊन कुठंही तगणाऱ्या उरतात.

गव्हाणी : 'पडणे' फक्त उंदरांना नाही. "ढोर पडलं" म्हणतातच. मेलेल्या जनावराला 'पड' हा नामशब्दही आहे. पण वापरताना भान ठेवा, कारण पड ओढायचं काम गावकीनं महारांवर लादलेलं होतं, आणि ते सोडा असं बाबासाहेबांनी 1927 ला महाडात सांगितलं.

ही पड गावाबाहेर टाकली की गिधाडं उतरायची आणि बघता बघता हाडं उरायची. मग जनावरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक द्यायला लागले. ते औषध अंगात असलेलं ढोर खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. हे 2004 ला सिद्ध झालं, 2006 ला भारतात जनावरांसाठी बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त घटली होती. टाकलेल्या पडीवर कुत्री वाढली, रेबीजचा धोका वाढला. दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये हिशेब मांडला, तो 2000 ते 2005 या काळात सुमारे पाच लाख जादा माणसं दगावल्याचा.

कोयता : गव्हाणी ताई, मग "गिधाडं पडली" म्हणायचं का?

गव्हाणी : व्याकरणानं चालेल. पण आमच्याकडं कुणी म्हणत नाही, "गिधाडं दिसंनात" म्हणतात. डोळ्यांसमोर पडलं तर 'पडलं'. ती लांब कुठंतरी झाडांवर माना टाकून मेली.

माळवद : भाचीसाठी एवढं पुष्कळ झालं. ती आता विचारतेय, 'पिसवा'चं एकवचन काय?

केजचा मास्तर : पिसू. स्त्रीलिंगी. जळू-जळवा, सासू-सासवा, तसंच पिसू-पिसवा.