मदत हवी आहे: कीबोर्डसाठी स्पीकर, बजेट २५ हजार

नमस्कार मंडळी. आमचा सुगम संगीताचा छोटा ग्रुप आहे. सोसायट्यांचे गणपती, हळदी, शे-दीडशे माणसांचे हॉल. मी यामाहा पीएसआर-आय ५०० वाजवतो. मंडपवाल्याच्या मिक्सरवर कीबोर्डला उरलासुरला चॅनल मिळतो आणि कीबोर्डमधल्या तबल्याचा डग्गा तर फाटूनच बाहेर पडतो. म्हणून स्वतःचा स्पीकर घ्यायचाय. १२ इंची पॉवर्ड (आतच अँप असलेला) स्पीकर बरा की कीबोर्ड अँप? (गिटार अँप सुचवू नका, त्यात पियानो गोधडीखालून वाजल्यासारखा येतो.) स्कूटरवरून नेता आला पाहिजे. खोक्यावरचे ‘१००० वॅट पीक’ सोडा, सलग किती वॅट पुरतात? शिवाय कीबोर्डचे आउटपुट हेडफोनचेच, म्हणजे स्टिरिओ; ते स्पीकरच्या मोनो इनपुटला कुठल्या केबलने जोडता? सेकंड हँड चालेल, पण घेताना काय तपासू?